आमच्या लेजिस्लेटरच्या कार्यालयाकडे नेलेल्या पाच तक्रारी

न्यूयॉर्क राज्यात, पण न्यूयॉर्क शहराबाहेर राहणाऱ्यांच्या टपालपेटीत वर्षातून दोन-तीनदा एक गुळगुळीत, रंगीत पत्रक येऊन पडते. त्यावर काउंटी लेजिस्लेटरचे, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाच्या सभागृहातील आपल्या सदस्याचे, हसरे छायाचित्र असते, एखाद्या उद्यानाच्या उद्घाटनाची फीत असते, आणि कोणतीही अडचण आली तरी आमच्या कार्यालयाला निःसंकोच कळवा अशा आशयाचे एक वाक्य तळाशी असते. बहुतेक लोक ते पत्रक न वाचता रद्दीत टाकतात. मी मात्र ते वाक्य खरे मानायचे ठरवले आणि गेल्या दोन वर्षांत पाच वेगवेगळ्या अडचणी घेऊन त्या कार्यालयाकडे गेलो. त्या अनुभवावरून ही सेवा कशी आहे, हे येथे लिहीत आहे. काउंटीचे आणि व्यक्तीचे नाव मुद्दामच देत नाही, कारण प्रश्न त्या एका व्यक्तीच्या चांगलेपणाचा नाही. या पदाकडे काय मागावे आणि काय मागू नये, एवढाच आहे.

आधी हे पद म्हणजे काय ते सांगायला हवे, कारण येथे पंधरा-वीस वर्षे राहिलेल्या मराठी मंडळींनाही ते नीट ठाऊक नसते असा माझा अनुभव आहे. राज्यात ६२ काउंट्या आहेत. त्यांपैकी ५ न्यूयॉर्क शहरात मोडतात आणि त्यांना स्वतंत्र विधिमंडळ नाही. उरलेल्या ५७ पैकी बहुतेकांत मतदारसंघांतून निवडून आलेल्या सदस्यांचे सभागृह असते. सफोकमध्ये १८, नॅसॉमध्ये १९ आणि वेस्टचेस्टरमध्ये १७ सदस्य बसतात. आपल्याकडच्या जिल्हा परिषद सदस्याशी याची तुलना करण्याचा मोह होतो, पण ती अर्धीच जुळते. काउंटीच्या हद्दीतील टाउन, व्हिलेज, शहरे आणि स्कूल डिस्ट्रिक्ट या संस्था काउंटीच्या हाताखालच्या नाहीत. प्रत्येकीचे निवडून आलेले मंडळ वेगळे, कर वेगळा आणि अधिकारही वेगळा. त्यामुळे एकाच रस्त्यावर उभे राहून चार सरकारांना दोष देता येतो, आणि त्यांतील तीन सरकारे हे आमच्याकडे येत नाही असे प्रामाणिकपणे सांगू शकतात.

माझी पहिली तक्रार रस्त्याचीच होती. आमच्या वसाहतीसमोरच्या रस्त्यावर बसथांबा आहे, पण रस्ता ओलांडायला झेब्रा क्रॉसिंग नव्हते आणि गाड्या भरधाव येत. कार्यालयाला मेल केला. दुसऱ्याच दिवशी सहायकाचा फोन आला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, तो रस्त्याच्या कडेला निळा पंचकोनी फलक आहे का, असा. काउंटीच्या रस्त्यांचा क्रमांक त्या निळ्या पंचकोनावर पिवळ्या अक्षरांत लिहिलेला असतो. फलक होता, म्हणजे रस्ता काउंटीचा होता आणि तक्रार योग्य दारात आली होती. पुढे काउंटीच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने वाहनांची मोजणी केली, पादचाऱ्यांची केली, एकदा पावसाने ती वाया गेली म्हणून पुन्हा केली, आणि सात महिन्यांनी पांढरे पट्टे आणि लुकलुकणारा दिवा आला. मला हा काळ फार वाटला होता. या क्षेत्रात काम केलेल्या एका ओळखीच्या अभियंत्याला तो आश्चर्यकारकरीत्या कमी वाटला.

वेगमर्यादा मात्र तशीच राहिली. ती कमी करा असे मी त्याच मेलमध्ये लिहिले होते, आणि त्यावर मिळालेले उत्तर वाचून मी बराच वेळ विचारात पडलो. आमच्यासारख्या टाउनमधून जाणाऱ्या काउंटी रस्त्याची वेगमर्यादा काउंटी ठरवत नाही. टाउन बोर्ड आणि काउंटीचे हायवे अधीक्षक या दोघांनी मिळून राज्याच्या परिवहन खात्याला विनंती करायची, आणि खात्याच्या अभियंत्यांना पटले तर ती बदलायची, अशी राज्याच्या वाहतूक कायद्याची रचना आहे. म्हणजे रस्ता काउंटीचा, डांबर काउंटीचे, खड्डा पडला तर शिव्या काउंटीला. पण त्यावरून किती वेगाने जायचे हे राज्याची राजधानी ऑल्बनी ठरवणार. आमच्या लेजिस्लेटरने एक शिफारसपत्र पाठवले. परिवहन खात्याने सौजन्यपूर्ण उत्तर दिले. दोन्ही पत्रांच्या प्रती माझ्याकडे आहेत आणि त्यांचा दुसरा काही उपयोग झालेला नाही.

दुसरी तक्रार मालमत्ता कराची. तिच्याविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यात चूक जितकी कार्यालयाची तितकीच माझी होती. आमच्याकडे जानेवारीत टाउन आणि काउंटीच्या कराचे बिल येते, आणि सप्टेंबरात शाळेच्या कराचे. शाळेचा आकडा दोहोंत मोठा असतो; न्यूयॉर्क शहर सोडले तर राज्यभर हेच चित्र आहे. त्या आकड्याने हबकून मी लेजिस्लेटरला फोन केला. सहायकाने शांतपणे समजावले की स्कूल डिस्ट्रिक्टच्या अंदाजपत्रकावर नागरिक स्वतःच मतदान करतात, आणि ते मे महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी होते. घराचे मूल्यांकन चुकले असे वाटत असेल तर तो विषय टाउनच्या मूल्यांकन अधिकाऱ्याचा असतो, आणि त्याविरुद्ध दाद मागण्याचा दिवस बहुतेक टाउनमध्ये मेचा चौथा मंगळवार असतो. संपूर्ण राज्यात काउंटी स्वतः मूल्यांकन करते अशा काउंट्या दोनच आहेत, नॅसॉ आणि टॉम्पकिन्स. ही सर्व माहिती अचूक होती, आणि ती मला सप्टेंबरात मिळाली. मे महिन्याच्या त्या दोन मंगळवारांची आठवण एप्रिलच्या रंगीत पत्रकात छापली असती तर शेकडो घरांना तिचा उपयोग झाला असता. त्या पत्रकात वसंतोत्सवातील भोपळ्याच्या रोपांचे वाटप होते.

तिसरी तक्रार माझी नव्हती. शेजारी एकट्या राहणाऱ्या एका वृद्ध बाईंनी हिवाळ्यात घर तापवण्याच्या खर्चासाठी मिळणाऱ्या मदतीचा, ज्याला येथे सगळे हीप म्हणतात, अर्ज केला होता. काही आठवडे झाले तरी उत्तर नव्हते आणि तेलाच्या टाकीचा काटा खाली सरकत होता. या योजनेचा पैसा केंद्र सरकारचा, नियम केंद्राचे आणि राज्याचे. पण अर्ज हातावेगळा करतात ते काउंटीच्या समाजसेवा खात्यातले कर्मचारी. येथे कार्यालयाने जे केले त्याला मी निःसंशय पूर्ण गुण देतो. सहायकाने प्रथम बाईंच्या सहीचे संमतीपत्र मागितले, कारण त्याशिवाय खाते कोणाच्याही प्रकरणाची माहिती लेजिस्लेटरलाही देऊ शकत नाही. सही गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी खात्यातून बाईंना फोन आला. एक कागद राहून गेला होता आणि तो मागणारे पत्र जुन्या पत्त्यावर गेले होते. कागद पोहोचला, मदत मंजूर झाली.

यात लेजिस्लेटरने कोणताही निर्णय फिरवला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. बाई पात्र नसत्या तर अर्ज फेटाळला गेला असता आणि पुढची दाद राज्याच्या सुनावणीत मागावी लागली असती. तेथे लेजिस्लेटरच्या शब्दाला काही वजन नाही, आणि नसावेही. कार्यालयाकडे होती ती एवढीच ताकद की त्या फोनला खात्यात कोणीतरी उत्तर देते. खात्याचे अंदाजपत्रक ज्या सभागृहात मंजूर होते, त्याच्या सदस्याचा फोन कोणी वाजत ठेवत नाही. मला ही ताकद लहान वाटत नाही. अडकलेली फाइल हलवणे हे त्या बाईंच्या दृष्टीने त्या महिन्यातले सर्वांत महत्त्वाचे सरकारी काम होते.

चौथ्या तक्रारीत मात्र मला या पदाची दुसरी बाजू दिसली. आमच्या टाउनच्या सीमेजवळच्या मोकळ्या जमिनीवर एक प्रचंड गोदाम उभारण्याचा प्रस्ताव आला. लोक भडकले, टाउनच्या सभेला गर्दी झाली आणि आमच्या लेजिस्लेटर स्वतः तेथे आल्या. त्यांनी ट्रकांच्या रहदारीविषयी, आवाजाविषयी आणि मुलांच्या सुरक्षिततेविषयी पाच मिनिटे उत्तम भाषण केले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर मी नियम वाचायला घेतले, तेव्हा कळले की जमिनीचा वापर कशासाठी करायचा हे टाउन, व्हिलेज किंवा शहर ठरवते आणि त्या निर्णयात काउंटी लेजिस्लेटरला मत नसते. काउंटीच्या नियोजन मंडळाला एक बारीकसा अधिकार आहे: प्रकल्प टाउनच्या हद्दीपासून किंवा काउंटीच्या अथवा राज्याच्या रस्त्यापासून ५०० फुटांच्या आत असेल तर प्रस्ताव त्या मंडळाकडे पाठवावा लागतो, आणि मंडळाने विरोध नोंदवला तर टाउनच्या संबंधित मंडळाला तो डावलण्यासाठी साध्या बहुमतापेक्षा एक मत जास्त लागते. पाच सदस्यांच्या मंडळात तिनाऐवजी चार. आमचे गोदाम त्या ५०० फुटांत येत होते. त्या सभेत बोलण्यासारखी खरी गोष्ट ती होती. नियोजन मंडळाची बैठक कधी आहे, तेथे लेखी हरकत कशी द्यायची, हे सांगितले असते तर टाळ्या कमी पडल्या असत्या, पण दोनशे माणसांचा संताप योग्य पत्त्यावर पोहोचला असता. विचारल्यावर सहायकाने ही माहिती तत्काळ दिली. न विचारता कोणी दिली नाही. गोदामाचा प्रस्ताव थोडा लहान होऊन मंजूर झाला.

लेजिस्लेटर म्हणजे कायदे करणारा, तर मग कायदा का करत नाहीत, असे त्या सभेनंतर बरेच जण म्हणत होते. करता येतो, आणि काही वेळा तो दूरवर पोहोचतोही. गाडी चालवताना फोन हातात धरण्यावर २००० साली सफोक काउंटीने बंदी घातली, आणि पुढच्याच वर्षी संपूर्ण राज्याने तसा कायदा केला. बाळांच्या दुधाच्या बाटल्यांतील बीपीए या रसायनावरही २००९ मध्ये सफोकनेच आधी बंदी आणली. पण स्थानिक कायदा राज्याच्या कायद्याशी आणि राज्यघटनेशी विसंगत असून चालत नाही. ऑल्बनी काउंटीने ऑनलाइन छळाविरुद्ध २०१० मध्ये केलेला कायदा राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने २०१४ मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कारणावरून रद्द केला. लैंगिक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांनी शाळेपासून किती अंतरावर राहावे याविषयीचा नॅसॉचा कायदा २०१५ मध्ये त्याच न्यायपीठाने, हा विषय राज्याने आपल्या अखत्यारीत घेतलेला आहे असे सांगून, मोडीत काढला. दोन्ही कायदे करताना सभागृहांच्या मनात वाईट हेतू होता असे म्हणता येणार नाही. त्यांनी आपले कुंपण कोठे आहे ते चुकीचे मोजले. कायद्याची अंमलबजावणी पाहणारा शेरीफ आणि जिल्हा सरकारी वकील हे तर बहुतेक काउंट्यांत स्वतंत्रपणे निवडून येतात. त्यांच्या खात्यांना पैसे किती द्यायचे हे सभागृह ठरवते, पण कोणावर खटला भरायचा हे सांगू शकत नाही. मला भेटलेले निम्मे तक्रारदार नेमके तेच सांगायला या कार्यालयात आलेले असतात.

आता पाचवी तक्रार. हे सगळे लिहिण्याचे खरे कारण तीच आहे.

काउंटीने आमच्या मार्गावरची रविवारची बस बंद केली. बस ही पूर्णपणे काउंटीची सेवा. येथे ऑल्बनीकडे किंवा टाउनकडे बोट दाखवायला जागा नव्हती. शरद ऋतूत काउंटी एक्झिक्युटिव्ह, म्हणजे काउंटीचे निवडून आलेले कार्यकारी प्रमुख, अंदाजपत्रक मांडतात, जनसुनावणी होते, सदस्य दुरुस्त्या सुचवतात. मी सुनावणीला गेलो आणि प्रत्येक नागरिकाला मिळतात ती तीन मिनिटे वापरली. आमच्या लेजिस्लेटरने रविवारच्या फेऱ्यांसाठी तरतूद करणारी दुरुस्ती मांडली, आणि त्या अल्पमतातील पक्षाच्या असूनही ती साध्या बहुमताने मंजूर झाली. मी आनंदात घरी आलो. आठवड्याभरात एक्झिक्युटिव्हनी तेवढ्या तरतुदीवर नकाराधिकार वापरला. तो उलटवायला दोन-तृतीयांश मते लागतात. ती जमली नाहीत. यात कोणाचा दुष्टावा शोधण्याची गरज नाही. काउंटीच्या अंदाजपत्रकाचा मोठा भाग मेडिकेडच्या, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, स्थानिक वाट्यासारख्या, राज्याने बंधनकारक केलेल्या खर्चात आधीच गेलेला असतो. मालमत्ता कराची एकूण वसुली किती वाढवायची यावर २०११च्या कायद्याने दोन टक्के किंवा महागाईचा दर, यांपैकी जे कमी असेल तेवढी मर्यादा घातली आहे, आणि ती ओलांडायला सभागृहाची ६० टक्के मते लागतात. विक्रीकराचा वाढीव दर चालू ठेवायलाही ऑल्बनीची संमती पुन्हा पुन्हा घ्यावी लागते. नॅसॉवर तर २००० साली राज्याने एक वित्तीय प्राधिकरण बसवले आणि २०११ पासून त्याने काउंटीच्या खर्चावर थेट नियंत्रण घेतले. या सगळ्यातून जे उरते त्यात रविवारची बस, उद्याने आणि इतर सगळे बसवायचे असते.

येथे मला नॅसॉचाच एक जुना किस्सा आठवला. १९९६ पूर्वी तेथे लेजिस्लेटर नव्हते; टाउन आणि शहरांचे प्रतिनिधी लोकसंख्येनुसार कमी-जास्त मते टाकत. १९६४ मध्ये एकूण मते ११५ आणि बहुमत ५८ चे होते. तीन मोठ्या प्रतिनिधींकडे ३१, ३१ आणि २८ मते. नॉर्थ हेम्पस्टेडकडे २१. आणि दोन छोट्या शहरांकडे प्रत्येकी २. आता बेरीज करून पाहावी. तीन मोठ्यांपैकी कोणतेही दोन एकत्र आले की बहुमत पूर्ण होते, आणि एकच मोठा उरलेल्या तिघांना घेऊन उभा राहिला तरी बेरीज ५६ च्या पुढे जात नाही. म्हणजे नॉर्थ हेम्पस्टेडच्या २१ मतांनी एकही निर्णय कधीच बदलू शकत नव्हता. जॉन बॅन्झाफ या वकिलाने १९६५ मध्ये हे दाखवून दिले, आणि मत असणे व मताची गरज असणे यांतील फरक मोजण्याचे एक गणितच त्यातून तयार झाले.

आमच्या लेजिस्लेटरच्या मताची गरज पुढच्या वसंतात निर्माण झाली. काउंटीला नव्या बस आणि डेपोच्या दुरुस्तीसाठी कर्जरोखे काढायचे होते, आणि राज्याच्या स्थानिक वित्त कायद्यानुसार अशा ठरावाला सभागृहाच्या दोन-तृतीयांश मतांची आवश्यकता असते. सत्ताधारी पक्षाकडे साधे बहुमत आहे, दोन-तृतीयांश नाही. पहिल्या बैठकीत ठराव पडला. पक्षांच्या आपापल्या बैठका बंद दाराआड होतात, आणि सार्वजनिक सभांच्या कायद्यात त्यांना तशी सूट आहे; त्यामुळे मधल्या पाच आठवड्यांत काय बोलणी झाली हे मी सांगू शकत नाही. दुसऱ्या बैठकीत ठराव मंजूर झाला, अल्पमतातील सर्व सदस्यांनी बाजूने मत दिले, आणि त्याच संध्याकाळच्या कार्यक्रमपत्रिकेत, बऱ्याच खाली, रविवारच्या सेवेसाठी निधी वर्ग करण्याचा एक निरुपद्रवी दिसणारा ठरावही होता. तो कोणतीही चर्चा न होता संमत झाला. प्रेक्षकांच्या बाकांवर माझ्यासह चौघे होतो, त्यांतील एक जण चुकीच्या बैठकीला आला होता.

गोदामाच्या सभेत दोनशे माणसे होती, जेथे लेजिस्लेटरला मत नव्हते. आणि जेथे त्यांचे मत हुकमाचा पत्ता होते तेथे चौघे. पुढच्या पत्रकात गोदामाच्या सभेतील भाषणाचे अर्धे पान छायाचित्र आले आणि कर्जरोख्यांविषयी एक ओळही आली नाही. माझी मुख्य तक्रार हीच आहे. हे कार्यालय आपली मर्यादा सांगत नाही हे मी समजू शकतो; कोणताही निवडून आलेला माणूस ते आपणहून सांगणार नाही. पण ते आपले खरे सामर्थ्यही सांगत नाही. ते कंटाळवाणे आहे, तांत्रिक आहे आणि त्यात थोडी देवाणघेवाण आहे, म्हणून कदाचित सांगणे अवघड वाटत असावे.

गुण द्यायचे तर प्रतिसादाच्या तत्परतेला पाचपैकी पाच, काउंटीच्या स्वतःच्या खात्यांतली कामे हलवण्याला साडेचार, राज्याशी किंवा टाउनशी संबंधित विषयांत एक, आणि तो एकही योग्य कार्यालयाचा फोन क्रमांक अचूक दिल्याबद्दल. नागरिकांना वेळेवर माहिती देण्याला दोन. ज्यांना ही सेवा वापरायची आहे त्यांनी फोन करण्यापूर्वी रस्त्याचा फलक पाहून ठेवावा, बिलावर कराची ओळ कोणाच्या नावाने आहे ते पाहावे, आणि दुसऱ्यासाठी काम करायचे असेल तर त्याच्या सहीचे संमतीपत्र तयार ठेवावे. पत्रकापेक्षा सभागृहाच्या संकेतस्थळावरची कार्यक्रमपत्रिका वाचावी, आणि तीत कर्जरोखे हा शब्द दिसला तर त्या आठवड्यात कार्यालयाला फोन करावा. सहायक सकाळी नऊनंतर फोन उचलतो. रविवारची पहिली बस मात्र त्याआधी, आठ वाजून दहा मिनिटांनी, त्या झेब्रा क्रॉसिंगपाशी थांबते.